पाठ कोणाच्या हातची

९ जानेवारी

लांब्या,

पत्राच्या वर जे लिहायची पद्धत आहे ते मी लिहिणार नाही. तू बरा असावास अशी माझी इच्छा नाही.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली म्हणजे, तू सुटून आलास की मी तुला ठार मारणार आहे. कसं ते अजून ठरवलेलं नाही. माझं वय झालंय, पण जन्मभर प्रयोगशाळेत काचपट्ट्या हाताळल्यामुळे हात अजून थरथरत नाहीत. आणि इतकी वर्षं तू माझ्या हातचं जेवलास, त्यामुळे मी जवळ आले तर तू मागे सरकणार नाहीस, हे मला माहीत आहे. ही पत्रं तिथले साहेब वाचतात. वाचू देत.

दुसरी गोष्ट, मला गिटार करायला शिकव.

पोलिसांनी वर्कशॉपचं सील काढलं. मी आत गेले. साच्यात वळवलेल्या बाजू तशाच उभ्या आहेत. पाठ पूर्ण झालेली आहे, आतल्या पट्ट्यांसकट. वरची फळी मधे आत बसून बिघडलेली, कोपऱ्यात टेकवून ठेवली आहे. तू जबाबात सांगितलंस ते मी तोंडपाठ केलं आहे. पाठ उस्तादने केली होती, फळी मी केली होती, माझी फळी बसली, तो मला ओरडला, पटाशी माझ्या हातात होती, मी मारली. एवढंच. माझ्या मुलाचं आयुष्य तू सहा वाक्यांत संपवलंस. तेव्हा तुझा डावा हात प्लास्टरमध्ये होता. पोलिसांनी मोडला असणार असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

ती पाठ त्याने केलेली शेवटची वस्तू आहे. त्या दिवशी पोलीस पंचनामा करत होते तोवर मी तीच मांडीवर घेऊन बसले होते, कारण त्याला मला हात लावू देत नव्हते. आता मला ती गिटारवर बसलेली पाहायची आहे. दुसऱ्या कारागिराकडे देणार नाही. तो तिला हात लावेल, ठोकून बघेल, नावं ठेवेल. मीच करणार आहे. तो कसा काम करायचा हे सांगणारा तुझ्याशिवाय कोणी उरलेला नाही. तसं तूच केलंस.

गिटारची पाठ सपाट असते असं मी समजत होते. काल ती टेबलावर ठेवली तर बशीसारखी डोलली. हे का, आणि कसं करतात, ते लिही.

— त्याची आई


३ फेब्रुवारी

लांब्या,

तुझं पत्र मिळालं. साहेबांनी विचारलं, ‘ही बाई कोण, ही धमकी आहे का?’ आणि तू म्हणालास, ‘नाही साहेब, काकू आहेत.’ हे लिहायची गरज नव्हती. मला हसू आलं आणि त्याचा मला दिवसभर राग आला.

तू सांगितलंस तसं चाललं आहे. दोन्ही पराती सापडल्या. तुम्ही ज्याला परात म्हणता ती लाकडाची, जाड, आतून सँडपेपर चिकटवलेली. उथळ परात वरच्या फळीसाठी, जास्त खोल पाठीसाठी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन्ही मला सपाटच वाटल्या. मोजपट्टी आडवी धरली तेव्हा मधे फट दिसली. एवढ्याशा खोलीवर सगळं अवलंबून असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो घरी कामाबद्दल बोलायचा नाही. तू बोलायचास, तेव्हा तो तुला म्हणायचा, ‘लांब्या, गप जेव.’

त्याचा कामाचा ओटा डाव्या हाताच्या माणसासाठी लावलेला आहे. दिवा उजवीकडे, हत्यारं डावीकडे. मी रोज चुकीच्या बाजूला हात घालते. लहानपणी शाळेत त्याला उजव्या हाताने लिहायला लावायचे, तर तो पेन्सिल मोडून टाकायचा. मी जाऊन भांडून आले होते. जाऊ दे.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू दोनदा लिहिली आहेस, म्हणून मीही दोनदा वाचली. लाकूड ओलं असताना पट्ट्या चिकटवायच्या नाहीत. ओल्या हवेत फळी आडवी फुगते, आणि फुगलेल्या फळीला पट्ट्या चिकटवल्या तर पुढे कोरड्या हवेत ती आकसायला बघते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, मग तिचा फुगवटा जातो आणि ती खड्ड्यासारखी आत बसते. म्हणून आधी बल्बच्या पेटीत सुकवायची, ओल दाखवणारा काटा खाली उतरला की मगच सरस लावायचा. समोरचा सायकलवाला मला रोज विचारतो, ‘काकू, काटा उतरला का?’ काल म्हणाला, ‘फळ्या आहेत का कपडे, सारखं काय वाळत घालता?’ तो बडबड्या आहे, पण त्या दिवसाचं विचारलं की पंक्चर काढायला बसतो. पंक्चर नसलं तरी.

नवी फळी कापून घेतली. तुझी बसलेली फळी मी अजून टाकलेली नाही. तू लिहिलंस, ‘ती बिघडलेली आहे, जाळून टाका.’ थंडी पडली की बघू.

पटाशीही नवी आणली. जुनी पोलिसांकडे आहे. शवविच्छेदनाच्या कागदावर जखमेची रुंदी लिहिली आहे, म्हणून दुकानदाराला तेवढ्याच रुंदीची मागितली. घरी येऊन उशीत खुपसून पाहिली. उशीत काही कळत नाही. मग ओट्याच्या कडेत मारली, ती निघेना. मला दोन्ही पाय लावून ओढावी लागली. माणसात ती इतकी घट्ट बसते का, ते तुला माहीत असेल.

— त्याची आई


२६ फेब्रुवारी

लांब्या,

कोर्टाच्या व्हरांड्यात जे झालं त्याबद्दल तुझी माफी मागायला मी लिहीत नाही. पटाशी माझ्या पिशवीत होती, ती दारावरच्या शिपायाने काढून घेतली. म्हणाला, ‘आजी, हे काय?’ मी म्हटलं, ‘कामाची वस्तू.’ तो म्हणाला, ‘इथे कसलं काम?’ मग तुला समोरून आणताना पाहिलं आणि हातात घराच्या किल्ल्या होत्या. किल्ली बोटांच्या मधून बाहेर काढून मूठ धरली, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी डोळ्याकडे मारली होती. तू वाकलास म्हणून भुवईवर बसली. तू माझ्या उंचीपर्यंत का वाकलास ते मला कळलेलं नाही.

तुझं रक्त माझ्या बाहीवर उडालं. मी आयुष्यभर रक्त पाहिलं, पण ते बाटलीत असतं. हे गरम होतं. पोलीस मला मागे ओढत होते आणि खरं सांगते, मला पुन्हा मारायचं होतं. डोळा फुटेपर्यंत मारायचं होतं. वकील, शिपाई, बाकावरच्या बायका, सगळे ओरडत होते, आणि तू चेहऱ्यावर हात धरून मला विचारलंस, ‘काकू, कामट्या लावल्या का?’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘एक निसटली.’

हो, निसटली. परातीत फळी, फळीवर सरस लावलेली पट्टी, आणि पट्टी व वरचं छत यांच्यामध्ये वाकवून अडकवलेली कामटी. तू लिहिलंस की सगळा जोर कामटीचा असतो, ती सरळ व्हायला बघते आणि फळीला परातीत दाबते. बारावी का तेरावी कामटी लावताना माझं कोपर लागलं आणि एक सुटली. खालचा ओठ फाटला, पुढचा दात हलतोय. तोंड धरून जमिनीवर बसले. बाकीच्या कामट्या तशाच ताणून उभ्या होत्या, जवळ जायची भीती वाटत होती. सायकलवाला धावत आला. म्हणाला, ‘काकू, तोंड बघितलंत का? अगदी लांब्यासारखं झालंय.’ आणि लगेच जीभ चावली. मी विचारलं, लांब्यासारखं म्हणजे कसं? तो म्हणाला, ‘काही नाही हो, उंच माणूस, छताला आपटायचा.’

छताला डोकं आपटतं. ओठ नाही.

पण फळी छान उतरली. सरस सुकल्यावर बाहेर काढली, टेबलावर ठेवली, ती डोलली. मी तिला पुन्हा पुन्हा बोटाने दाबून पाहत होते. पुढचं लिही. पट्ट्यांची टोकं कशी उतरवायची?

— त्याची आई


१९ मार्च

लांब्या,

मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. ते पत्रातून देऊ नकोस. मी भेटीची परवानगी मागितली आहे.

पट्ट्यांची टोकं पटाशीने उतरवून फळीपर्यंत पातळ करायची, शेवटचा काप एका दमात, असं तू लिहिलंस. मी तसं केलं. पहिली चार टोकं बेकार झाली, नंतर हात बसला. मी उजव्या हाताने ढकलते, त्यामुळे शेवटच्या कापाला पटाशी जरा कलते आणि टोकावर एक तिरकी कड राहते. सगळ्या टोकांवर तशीच, एकाच बाजूला. कितीही सांभाळलं तरी राहते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागते आणि भिंगातून स्वच्छ दिसते. मी भिंग लावून बसले, कारण माझ्या कामाची मला खात्री नव्हती. तीच सवय आहे. आपली काचपट्टी नमुन्याशेजारी ठेवून बघायची.

नमुना म्हणून मी त्याची पाठ घेतली. तिच्या पट्ट्यांच्या टोकांवर अगदी माझ्यासारखी कड आहे. त्याच बाजूला. माझ्याहून कितीतरी सफाईदार, पण बाजू तीच.

मग मी कोपऱ्यातली तुझी बिघडलेली फळी आणली. तिच्यावरची कड उलट्या बाजूला आहे. प्रत्येक टोकावर. एकही चुकलेलं नाही.

मी दिवा फिरवून पाहिला. फळ्या उलट्या धरून पाहिल्या. डाव्या हातात पटाशी धरून एका रद्दी तुकड्यावर काप घेऊन पाहिला, वाकडातिकडा आला, पण कड कुठे पडते ते दिसलं.

तू उजव्या हाताने जेवतोस. मी तुला वाढलं आहे.

— काकू


५ एप्रिल

लांब्या,

जाळीपाशी फार गोंगाट होता. शेजारचा माणूस त्याच्या बायकोवर ओरडत होता. म्हणून मी काय ऐकलं ते लिहिते. काही चुकलं असेल तर कळव, कारण मला ते पुढे सांगावं लागेल आणि मी अंदाजाने काही सांगत नाही.

मी विचारलं, पाठ कोणी केली?

तू म्हणालास, ‘काकू, तुमचा दात कसा आहे?’

मी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, ‘मी.’

‘आणि फळी?’

तू मान खाली घातलीस. भुवईवरचे टाके काढलेले दिसले.

‘लांब्या, फळी?’

‘उस्तादने.’

मग तू सांगितलंस. आठवडाभर हवा ओली होती. तू सामान आणायला गेला होतास, आणि त्याला घाई होती, गिऱ्हाईक सारखं विचारत होतं. बल्बची पेटी न लावता त्याने पट्ट्या चिकटवल्या. नवशिक्याने करायची चूक त्याने केली. ऊन पडलं, हवा कोरडी झाली, फळी बसली. तू तिच्यावर मोजपट्टी आडवी ठेवलीस, मधे फट दिसली, आणि तू हसलास. तू म्हणालास, ‘उस्ताद, ही गिटार आहे का ताट? जेवायला बसू का?’

मी विचारलं, एवढंच? तू म्हणालास, ‘एवढंच, काकू. मी हसायला नको होतं.’

त्याने कामट्यांचा जुडगा उचलला. पहिला फटका तोंडावर. तुला वाटलं नेहमीसारखं दोन-तीन मारून थांबेल. इथे मी तुला थांबवलं. नेहमीसारखं म्हणजे काय? तू म्हणालास, ‘चालायचं.’

‘चालायचं म्हणजे?’

‘म्हणजे चालायचं, काकू. रागात असला की. नंतर स्वतःच बर्फ आणून द्यायचा.’

त्या दिवशी तो थांबला नाही. कामट्या तुटल्या तेव्हा त्याने लाकडी हातोडा घेतला. तू डावा हात वर केलास, तो मोडला. मोडल्याचा आवाज तू ऐकलास. तू ओट्याखाली शिरलास तर त्याने पाय धरून ओढलं, आणि पाठीत, मानेत, जिथे लागेल तिथे मारत राहिला. एकदा हातोडा फरशीवर बसला आणि टवका उडाला. तो टवका मी पाहिला आहे. मला वाटलं होतं काही जड पडलं असेल. तुझ्या उजव्या हाताला खाली पडलेली पटाशी लागली. तू ती वर ढकललीस. काप घेताना ढकलतात तशी, हाताच्या तळव्याने.

तो तुझ्या अंगावर पडला. तू म्हणालास की तो तुझ्या कानाशी श्वास घेत होता आणि त्या श्वासात पाणी होतं. तू पटाशी काढली नाहीस, काढली तर रक्त थांबणार नाही हे तुला माहीत होतं. तू ओरडलास. सायकलवाला दारापर्यंत आला आणि पळाला.

मी विचारलं, तुला त्याला मारायचं होतं का? वकिलाने तुला नाही म्हणायला शिकवलं असणार. तू जाळी घट्ट धरलीस आणि म्हणालास, ‘हो काकू. त्या वेळेला मारायचंच होतं. मेला पाहिजे असं वाटलं होतं.’

आणि खोटं का सांगितलंस? तू म्हणालास, ‘तुम्ही ती पाठ मांडीवर घेऊन बसला होता. पोलिसांनी विचारलं, यातलं कोणाचं काय. तुमच्याकडे बघून मी म्हटलं, पाठ त्याची.’

हे मी बरोबर ऐकलं का?

वेळ संपली म्हणून शिपायाने हाक मारली. तू म्हणालास, ‘काकू, पाठ चांगली झालीय. ती वापरा. कोणाची का असेना.’

— काकू


७ एप्रिल

लांब्या,

तुझं उत्तर येण्याआधीच लिहीत आहे. पाठ वापरता येणार नाही.

परवा तुरुंगातून सरळ वर्कशॉपमध्ये गेले. ती खुंटीवर होती. रोज कुलूप लावण्याआधी मी तिला गाल लावून उभी राहायचे. बोटाने ठोकायचे आणि तिचा आवाज विरेपर्यंत कान लावून ऐकायचे. त्याने आतून उत्तर दिल्यासारखं वाटायचं. इतके दिवस मी तुझ्या कामाला गाल लावत होते. ज्या हाताने माझ्या मुलाच्या बरगड्यांतून पटाशी घातली, त्या हाताच्या कामाला.

मी ती ओट्याच्या कडेवर आपटली. मोडली नाही. घुमली. घुमटासारखी असल्यामुळे जोर सगळीकडे वाटला जातो, तूच लिहिलं होतंस. पुन्हा आपटली, पुन्हा घुमली. तो आवाज मला सहन होईना. मग जमिनीवर उपडी ठेवली आणि तिच्यावर उभी राहिले. तरी मोडली नाही, माझ्या वजनाखाली नुसती डोलली आणि मी पडले. कोपर सोललं. मग हातोडा घेतला. तोच, लाकडी. पोलिसांनी तो नेलाच नाही, कारण तू त्याचं नावच घेतलं नव्हतंस. मधोमध मारला तेव्हा तडा गेला, आणि तडा गेल्यावर मी थांबले नाही. एकेक पट्टी सुटेपर्यंत मारत राहिले. तोंडाने काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. सायकलवाला दारात उभा राहून ‘काकू, काकू’ करत होता. मी हातोडा घेऊन त्याच्याकडे वळले आणि तो दोन पावलं मागे गेला.

त्याचा चेहरा पाहून मला कळलं की या दारात हातोडा घेतलेलं माणूस त्याने आधीही पाहिलं आहे.

मी विचारलं, ‘तुम्ही सगळं बघितलंत?’

तो म्हणाला, ‘पटाशी लागली ते नाही. त्याआधीचं बघितलं.’

‘पोलिसांना सांगितलंत?’

‘काकू, तुम्ही आई आहात. तुमच्या तोंडावर काय सांगू? आणि गेलेल्या माणसाबद्दल...’ मग चिडून म्हणाला, ‘आणि मी सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा माझ्या दुकानाशी थांबला असतात का? मान वळवून गेला असतात.’

ते खरं आहे.

कोर्टात बोलाल का विचारलं तर म्हणाला, दुकान आहे, बायको-पोरं आहेत, बघू. तो बोलणार नाही. दुसरं कोणी नाही. तू तुझा जबाब बदललास तर म्हणतील वकिलाने शिकवलं. राहिले मी. मी सरकारी वकिलांची साक्षीदार आहे. मुलगा कसा होता ते सांगायला मला बोलावलं आहे. शांत, मेहनती, आईचा आधार, असं त्यांनी मला सांगून ठेवलं आहे. ते खोटं नाही. तो माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवत नसे.

मी गप्प राहिले तर तू आत राहशील, कदाचित जन्मभर, आणि माझा मुलगा सगळ्यांच्या लेखी चांगला राहील. मला दोन्ही हवं आहे. हे लिहायला लाज वाटत नाही.

तुकडे मी पिशवीत भरले आहेत.

— काकू


२९ एप्रिल

लांब्या,

तू आरोपीच्या पिंजऱ्यात होतास, तुला सगळं दिसलं असेल, पण तू बहुतेक वेळ खालीच बघत होतास. म्हणून लिहिते.

सरकारी वकिलांनी विचारलं, ‘आपला मुलगा स्वभावाने कसा होता?’ मी म्हटलं, ‘डावखुरा होता.’ लोक हसले. ते म्हणाले, ‘बाई, स्वभावाने.’ मी म्हटलं, ‘तेच सांगते आहे, मला जरा वेळ द्या,’ आणि पिशवी टेबलावर ठेवली.

मला वाटलं होतं माझा आवाज जाईल. गेला नाही. प्रयोगशाळेत डॉक्टरांना अहवाल सांगायचे तसंच सांगितलं. ही फळी, हे पाठीचे तुकडे, ही मी स्वतः केलेली फळी. ही कड या बाजूला, ही त्या बाजूला. न्यायाधीशांना भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘मला फरक दिसतोय, पण तो हातामुळेच पडतो हे कशावरून?’ मी म्हटलं, ‘करून दाखवते.’ पटाशी द्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी कारकुनाचा कागद कापायचा चाकू आणि स्वच्छतागृहातला साबण आणला. मी उजव्या हाताने काप घेतला, मग डाव्या हाताने. मग कारकुनाला घ्यायला लावला. तो घाबरून म्हणाला, ‘मीही डावखुराच आहे हो, साहेब.’ त्याच्या कापाची कड माझ्या मुलाच्या फळीवरच्या बाजूलाच पडली.

सरकारी वकील उभे राहून म्हणाले, साक्षीदार फितूर झाली आहे. तो शब्द मी पेपरात वाचला होता. मी म्हटलं, ‘कोणाला फितूर?’ न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं.

मग न्यायाधीशांनीच मला विचारलं, ‘फळी मुलाने केली, यावरून तुम्हाला काय म्हणायचं आहे?’

मी म्हटलं, चूक माझ्या मुलाची होती आणि ती दाखवली म्हणून त्याने याला मारलं. हात पोलिसांनी नाही, त्याने मोडला. फरशीवर हातोड्याचा टवका आहे, कोणीही जाऊन बघा. पहिल्यांदा मारलं नव्हतं, आधीही मारायचा. हे मला याने सांगितलं आणि मी त्यावर विश्वास ठेवते, कारण पाठ कोणाची हे याने स्वतःच्या विरुद्ध खोटं सांगितलं होतं. माणूस स्वतःला सोडवायला खोटं बोलतो, अडकवायला नाही.

तू तेव्हा मान वर केलीस. मी तुझ्याकडे बघितलं नाही.

आणि हेही सांगितलं की, त्या क्षणी तुला त्याला मारायचं होतं. तुझ्या वकिलाने कपाळाला हात लावला. पण ते तू मला सांगितलं होतंस आणि मी अर्धं सांगणार नव्हते.

खाली उतरल्यावर त्याची मावशी, माझी सख्खी बहीण, व्हरांड्यात माझ्यासमोर आली आणि सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली. म्हणाली, ‘मेलेल्या पोराला पुन्हा मारलंस.’ हलणारा दात पडला. मी तो रुमालात घेतला. मी तिला उलट मारलं नाही. मारता आलं असतं.

निकालाचं मला माहीत नाही. वकील म्हणतात, आता शिक्षा पुष्कळ कमी होईल, कदाचित लवकर सुटशील. सुटलास तर मी तुला मारणार नाही, असं मी तुला लिहून देत नाही. रस्त्यात तू समोर आलास तर माझ्या हाताचं काय होईल ते मला खरंच माहीत नाही. घरी येऊ नकोस. गल्ली सोडून दुसरीकडे काम बघ. काम मात्र सोडू नकोस.

बसलेली फळी आणि तुकडे पुरावा म्हणून कोर्टात जमा करून घेतले. फळी द्यावी लागेल हे मला सुचलंच नव्हतं. त्याच्या हातचं माझ्याकडे तेवढंच खरं उरलं होतं, बिघडलेलं का होईना. मी विचारलं, परत मिळेल का? तोच डावखुरा कारकून होता. म्हणाला, ‘खटला संपला की मिळेल, आजी. मालक कोण ते लिहावं लागतं.’

मी फळीवर बोट ठेवलं. म्हटलं, मयताची आई.

‘आणि हे तुकडे?’

मी तुझं नाव सांगितलं. आडनावासकट. इतक्या वर्षांत मी ते तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं.

त्याने लिहून घेतलं आणि विचारलं, ‘दोन्ही एकाच पिशवीत ठेवू का?’

मी म्हटलं, ‘नको. वेगवेगळं ठेवा.’

— काकू